हजेरीपटावरचा माणूस

मनुष्यबळ व्यवस्थापन, म्हणजे माणसांची निवड, नेमणूक, कामाची वाटणी आणि मोबदला यांची व्यवस्था, ही संज्ञा कारखाने व कार्यालये यांच्यापुरतीच योजण्याचा प्रघात असला, तरी महाराष्ट्रात या व्यवस्थेचा एक मोठा आणि विलक्षण साधा प्रयोग कोरडवाहू गावांच्या शिवारात झाला. धाराशिव तालुक्यातील बेंबळी ज्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडते, त्या पट्ट्याने तो जवळून अनुभवला. १९७२ च्या दुष्काळात, लातूरही ज्यात समाविष्ट होते अशा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव आणि रस्त्यांची कामे निघाली. राज्यभरात अशा कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाखांवर पोहोचली होती. मजुरांना सुकडी, म्हणजे भरडलेल्या धान्याचा पूरक आहार, वाटली जाई.

या धावपळीमागे एक विचार आधीच तयार होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात काम मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला, पुढे त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली, आणि १९७७ च्या कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, काम मागणे हा ग्रामीण प्रौढांचा हक्क ठरला. इथे निवडीची पायरीच गाळलेली होती: शिक्षण, ओळख, शिफारस यांपैकी काहीही न विचारता अंगमेहनतीस तयार असणे एवढीच पात्रता मानली गेली, आणि मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद करून उशिराचा भार प्रशासनावर टाकण्यात आला.

मोबदल्याची रीत मात्र तितकी सरळ नव्हती. मजुरी मोजमापावर ठरे. खडीचा ढीग ब्रासमध्ये, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने, मोजला जाई, आणि सामान्य माणसाने सात तास काम केल्यास त्याची रोजी भरावी असे दर ठरविलेले असत. त्यामुळे एकाच कामाला स्त्री-पुरुषांना एकच दर लागू झाला, जे शेतमजुरीत तेव्हा क्वचितच घडत असे. पण माप टोळीचे होत असल्याने म्हातारा, बाळंतीण किंवा अशक्त मजूर यांचा वाटा टोळीच्या समजुतीवर आणि हजेरीपट, म्हणजे मस्टर, सांभाळणाऱ्याच्या सचोटीवर राही. पाणी, सावली, प्रथमोपचार आणि पाळणाघर यांच्या तरतुदी नियमांत होत्या. प्रत्यक्षात कित्येक कामांवर बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी हेच पाळणाघर असे.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाची हमी दिली आणि पुढे मजुरी बँक व टपाल खात्यांत वळवली गेली. मधल्या हातांची गळती त्यामुळे आटली, हे मान्य करावेच लागेल. तथापि जॉबकार्ड, आधार-जोडणी आणि २०२३ पासून सक्तीची झालेली मोबाइलवरील छायाचित्र-हजेरी यांमुळे प्रवेशद्वारी काढून टाकलेली अडचण पगाराच्या खिडकीशी पुन्हा उभी राहिली. खाते क्रमांकातील एका अंकाच्या चुकीने आठवड्याची मजुरी अडकली, तर मजूर गाठतो तो ग्रामरोजगार सेवकालाच, म्हणजे मागणी नोंदविणाऱ्या आणि मस्टर भरणाऱ्या गावातल्याच माणसाला. आणि त्या सेवकाचे स्वतःचे मानधनही अनेक वर्षे गावात भरलेल्या मनुष्यदिवसांच्या प्रमाणात ठरत असे.