काखेतील केस काढल्यावर आग होते? दमट हवेत घ्यायची काळजी

नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की तोच घाम काखेत साचून राहतो. ओली त्वचा मऊ पडते आणि रेझरने पडलेल्या बारीक ओरखड्यांवर घाम, कपडा, डिओ सगळेच झोंबते.

केस रात्री, आंघोळीनंतर काढा; त्वचेला रात्रभर विसावा मिळतो. कोरडे रेझर फिरवू नका. काखेतले केस वेगवेगळ्या दिशांनी वाढतात. आधी दिशा बघा आणि त्याच दिशेने, त्वचा न ताणता, हलक्या हाताने फिरवा. ब्लेड धारदार आणि स्वतःचेच हवे. डिओ, तुरटी, लिंबू दुसऱ्या दिवसापर्यंत नको. खरे तर ट्रिमरने केस बारीक केले तरी स्वच्छतेला पुरते.

मला जास्त काळजी वाटते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ‘खाजेच्या ट्यूब’ची. तीत बरेचदा क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते. पुढे त्वचा पातळ होते, बुरशी असेल तर पसरते. लावली असेल तर ती ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा.

पू, ताप, हात उचलताना ठणका असेल, किंवा मधुमेहींना साधी पुळी आली तरी थांबू नका. त्याच जागी वारंवार गळवे येणे हा हायड्राडेनायटिस नावाचा वेगळा आजार असू शकतो. काखेतली न दुखणारी गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर तपासून घ्या. तिचा रेझरशी संबंध असेलच असे नाही.