स्वस्त स्मार्टफोन घ्यावा का?

पाच-सहा हजारांचा स्मार्टफोन आत्ताच घ्यावा, की थांबून आणखी थोडे पैसे जमवावेत? हा प्रश्न ज्या घरात पडतो, त्या घरात बहुतेक वेळा तो फोन हाच एकमेव कॉम्प्युटर असणार असतो. मुलीचा अभ्यास, वडिलांची पीक पाहणी, आईच्या बचत गटाचे व्यवहार, गॅसचं बुकिंग, सगळं त्या एकाच काचेवर चालणार असतं. त्यामुळे फोन फसला, तर त्या घराची कामंच अडतात. म्हणून फक्त किंमत बघून चालत नाही. ती किंमत कशामुळे कमी झाली आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

२५१ रुपये ते ६,४९९ रुपये

फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली. बुकिंगच्या गर्दीने तिची वेबसाइट कोलमडली. पुढच्याच वर्षी कंपनीच्या संचालकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. स्क्रीन, बॅटरी, प्रोसेसर आणि मेमरी या चार गोष्टींचीच किंमत काही हजारांत जाते, वर १८ टक्के जीएसटी. या हिशेबाच्या खाली कुणी फोन देत असेल, तर तो विकत नाही, फसवतो आहे.

प्रामाणिक प्रयत्नही झाले. गुगलने सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांबरोबर ६,३९९ रुपयांपासूनचे अँड्रॉइड वन फोन आणले. २०२१ च्या दिवाळीत जिओ आणि गुगलने मिळून ६,४९९ रुपयांचा जिओफोन नेक्स्ट काढला. त्यात २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज होतं. एवढ्या मोठ्या दोन कंपन्या एकत्र येऊनही किंमत याच्या फार खाली गेली नाही, ही गोष्ट ग्राहकाने लक्षात ठेवावी.

काटकसर कुठे होते

दुकानात हातात घेतल्यावर स्वस्त फोन महागाइतकाच छान दिसतो. स्क्रीन मोठी, मागचा भाग चकचकीत, बॅटरी ५,००० एमएएचची. दिसतं तिथे काटकसर नसते. ती आत असते.

पहिली रॅममध्ये. एका वेळी किती अ‍ॅप उघडी राहू शकतात, ते रॅमवर ठरतं. २ जीबी रॅम असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरून बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ओटीपी बघायला मेसेजमध्ये आलात, की बँकेचं अ‍ॅप मागच्या मागे बंद होतं आणि पुन्हा पहिल्यापासून लॉगिन करावं लागतं. गुगलची हलक्या फोनसाठीची गो आवृत्ती २०१७ मध्ये आली, ती १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमसाठी. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ बरोबर गुगलनेच या आवृत्तीसाठी किमान २ जीबी रॅमची अट घातली. म्हणजे २ जीबी हा तळ आहे, आणि तळावरचा फोन घेतला की पुढच्या एक-दोन वर्षांच्या वाढीला जागाच उरत नाही.

खोक्यावर '४ जीबी अधिक ४ जीबी' किंवा '८ जीबीपर्यंत रॅम' असं लिहिलेलं असतं. त्यातली दुसरी चार जीबी खरी रॅम नसते. फोन आपल्या स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरतो आणि तो कितीतरी मंद असतो. खरेदी करताना फक्त पहिला आकडा धरा.

दुसरी काटकसर स्टोरेजच्या चिपमध्ये, आणि ही खोक्यावर लिहिलेली नसतेच. स्वस्त फोनमध्ये सहसा ईएमएमसी प्रकारची चिप असते, महागात यूएफएस. ईएमएमसी म्हणजे घाटातला एकेरी पूल: माहिती एक तर आत जाते किंवा बाहेर येते, दोन्ही एकदम नाही. फोन नवा असताना हे जाणवत नाही. स्टोरेज भरत आलं की फोन अडकायला लागतो, आणि दोष बिचाऱ्या नेटवर्कला दिला जातो. ३२ जीबीच्या फोनमधला मोठा हिस्सा अँड्रॉइड आणि आधीपासून भरलेली अ‍ॅप खातात. उरलेल्या जागेत नातेवाइकांच्या ग्रुपवरचे 'शुभ सकाळ'चे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ येऊन पडतात. काही महिन्यांत 'स्टोरेज फुल' सुरू. मेमरी कार्डाने फोटोंची सोय होते, पण अ‍ॅपची बहुधा नाही.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच सांगतो: मागे तीन गोल दिसले, तरी खऱ्या कामाचा बहुतेक वेळा एकच असतो.

अंगणवाडीतले फोन

कमी ताकदीचा फोन काय करतो, हे महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना सरकारी कामासाठी २ जीबी रॅमचे फोन देण्यात आले. २०२१ मध्ये बालकांची आणि गरोदर मातांची नोंद ठेवण्यासाठी केंद्राचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं. फोन तापू लागले, हँग होऊ लागले, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या खिशावर पडू लागला. अ‍ॅप इंग्रजीत असल्याचीही तक्रार होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. 'मोबाईल वापसी' या नावाने ते आंदोलन ओळखलं गेलं.

फोन घेतला तेव्हा तो त्या वेळच्या कामाला कदाचित पुरला असता. पण काम वाढतं, अ‍ॅप जड होतात, आणि फोन मात्र तेवढाच राहतो. मानधनावर जगणाऱ्या बाईला हे ओझं उचलावं लागणं ही अन्यायाचीच गोष्ट होती. घरच्या खरेदीत तरी ही वेळ आपल्या माणसांवर येऊ देऊ नये.

अपडेट नाही, तर बँक नाही

स्वस्त फोनला अँड्रॉइडची नवी आवृत्ती क्वचित मिळते आणि सुरक्षेचे अपडेटही लवकर थांबतात. अ‍ॅप मात्र पुढे जात राहतात. ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड ५ च्या आधीचे फोन सोडून दिले. बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅपही जुन्या आवृत्त्या हळूहळू नाकारतात. ज्या फोनवर पगार, अनुदान आणि उधारीचे पैसे फिरतात, तो अपडेटशिवाय वापरणं धोक्याचं आहे. घेताना सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. नव्या फोनवर ती वर्षभरापूर्वीची असेल, तर पुढे काय होणार ते उघड आहे.

५जी लिहिलंय, पण कोणाचं?

जिओचं ५जी स्वतंत्र जाळ्यावर उभं आहे, तर एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधारावर चालणाऱ्या ५जीने केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांपासून आलेला रेडमी ए४ ५जी फक्त पहिल्या प्रकारचं ५जी पकडत होता, म्हणजे तेव्हा एअरटेलच्या ग्राहकाला त्यावर ४जीच मिळत होतं. आपलं सिम कोणतं, ते सांगून दुकानदाराला स्पष्ट विचारा. गावात ५जीचा टॉवरच नसेल, तर त्या शब्दासाठी पैसे मोजू नका, तेच पैसे रॅममध्ये घाला.

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. ४ जीबी खरी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज याखालचा नवा स्मार्टफोन घेऊ नये. याच्या वरचा स्वस्त फोन मात्र बिनधास्त घ्यावा. बोलणं, व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, यूट्यूबवरचा अभ्यास यांना तो पुरतो, आणि महाग फोन नाही म्हणून कुणी मन लहान करायचं कारण नाही.

तेवढं बजेट नसेल तर दोन वाटा आहेत. आजी-आजोबांना फक्त बोलायचं आणि पैसे पाठवायचे असतील, तर ४जी कीपॅड फोन उत्तम. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आलेल्या जिओ भारतवर यूपीआय चालतं. साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सोयही मार्च २०२२ पासून आहे. दुसरी वाट, दोन-तीन वर्षं जुना पण मधल्या दर्जाचा फोन. तो घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढा. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक मोकळी जागा आणि तो क्रमांक असा मेसेज १४४२२ वर पाठवा. उत्तरात क्रमांक काळ्या यादीत किंवा डुप्लिकेट निघाला, तर फोन कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

ज्यांना शेतात ई-पीक पाहणी करायची आहे, त्यांनी आणखी एक करावं. हे अ‍ॅप पिकाचा फोटो आणि जागेचं स्थान दोन्ही मागतं. म्हणून फोन घेऊन दुकानाबाहेर उन्हात या, स्क्रीन वाचता येते का बघा, नकाशा उघडून आपली जागा लवकर सापडते का तेही बघा. स्वस्त स्क्रीन भर दुपारी बांधावर काळीच दिसते.

दुकानात दुकानदाराला विचारून पाच-सहा अ‍ॅप उघडा, कॅमेरा लावा आणि परत पहिल्या अ‍ॅपवर या. ते जिथे सोडलं तिथेच असेल तर ठीक. फोन टाइप-सी चार्जरचा आहे का आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्यात किंवा जिल्ह्यात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. पक्कं बिल घ्या, त्यावर आयएमईआय क्रमांक लिहून घ्या, आणि हप्त्यावर घेत असाल तर सगळे हप्ते मिळून एकूण किती रुपये जाणार, ते दुकानदाराकडून कागदावर मांडून घ्या.