पायाखालच्या मुरुमाची शिल्पं

शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या आवारात एक कुटुंब वाट चालतंय. संथाळ आदिवासी बापाच्या खांद्यावर कावड आहे. एका टोपलीत मूल, दुसरीत संसार. शेजारी डोक्यावर ओझं आणि कडेवर पोर घेतलेली आई. सोबतीचा कुत्रासुद्धा मागं राहिलेला नाही. १९३८ साली रामकिंकर बैज यांनी हे शिल्प उभं केलं.

बांकुड्यातल्या एका गरीब नाभिक कुटुंबात १९०६ साली त्यांचा जन्म झाला. गावातल्या मूर्तिकारांचं काम बघत ते वाढले. असहकार चळवळीच्या दिवसांत पुढाऱ्यांची चित्रं रंगवणाऱ्या या पोराला ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांनी हेरलं आणि १९२५ मध्ये शांतिनिकेतनला आणलं. शिकायला आलेले रामकिंकर तिथेच शिक्षक झाले, पुढे शिल्पविभागाचे प्रमुख झाले.

ब्राँझचा खर्च झेपणारा नव्हता. मग त्यांनी पायाखालचंच घेतलं: बीरभूमच्या तांबड्या मुरुमाचे खडे आणि सिमेंट. आधी सांगाडा बांधायचा, त्यावर कालवलेला माल थापायचा, प्रसंगी फेकून मारायचा आणि तो आवळायच्या आत कोरून आकार काढायचा. सिमेंट कुणासाठी थांबत नाही. ती घाई, ते बळ या शिल्पांत उतरलं आहे. जवळ गेलं की नुसते चरबरीत खडे दिसतात. चार पावलं मागं सरकलं की त्यांतूनच पोटऱ्या, खांदे, चालण्याची लय उभी राहते. सासवणे गावात शिल्पकार करमरकरांची सिमेंटमधली कामं पाहिलेल्यांना हे साधन किती नितळ होऊ शकतं ते ठाऊक असेल. रामकिंकरांनी त्याचा खडबडीतपणाच जपला.

काम असं उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाले. विद्यार्थ्यांसाठी याहून मोठा वर्ग कोणता असणार? त्यांचे शिष्य शंखो चौधुरी पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेले आणि तिथल्या शिल्पविभागाची घडी त्यांनी बसवली.

१९७० मध्ये पद्मभूषण मिळालं, १९८० मध्ये रामकिंकर गेले. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारातले प्रचंड यक्ष-यक्षी त्यांचेच. तरी खरे रामकिंकर भेटतात ते १९५६ च्या ‘मिल कॉल’ या शिल्पात. गिरणीचा भोंगा झालाय, दोघी बाया धावत सुटल्यात, मागं एक पोर. लुगडं वाळवायलाही उसंत नाही. ओला पदर वाऱ्यावर फडफडत धावता धावताच वाळतो आहे.