मातीवाचून बाग

झाडाचे आणि मातीचे नाते इतके जुने आहे की, मातीवाचून झाड ही कल्पनाच मनाला सहसा पटत नाही. परंतु स्वयंपाकघरात जरा डोळसपणे पाहिले, तर निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. टोपलीतल्या कांद्याला हिरवी पात फुटलेली असते. फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड येतात. पाण्याच्या बाटलीत ठेवलेली मनीप्लँटची फांदी पांढरी मुळे सोडून महिनोन्‌महिने हिरवी राहते. या तिघांनाही मातीचा कण लाभलेला नसतो. कांदा आणि मटकी आपल्या पोटातील साठ्यावर जगतात. तो संपला की त्यांची वाढ खुंटते. बाटलीतील वेल पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा क्षारांवर कशीबशी गुजराण करते, आणि म्हणूनच तिची नवी पाने पुष्कळदा लहान लहान होत जातात. मग मातीतून झाडाला नेमके मिळते तरी काय? आणि ते दुसऱ्या एखाद्या मार्गाने देता येईल काय?

हा प्रश्न तराजूत घालून तोलण्याचे काम सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या वैद्याने केले. हा ब्रुसेल्स शहराचा रहिवासी. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याने पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यावाचून त्या रोपाला काहीही दिले नाही. पाच वर्षांनी झाडाचे वजन भरले १६९ पौंडांहून थोडे अधिक. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी २ औंस घटलेली! यावरून त्याने अनुमान काढले की, झाड सगळे पाण्याचेच बनते. हे अनुमान चुकीचे होते. झाडाच्या शरीराचा मोठा भाग हवेतील कर्बवायूपासून घडतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दोन औंसांकडे तर त्याने काणाडोळाच केला. सारे रहस्य त्या दोन औंसांत होते.

१६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड याने पुदिन्याच्या काड्या निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिल्या. काहींना पावसाचे पाणी दिले, काहींना थेम्स नदीचे, तर काहींना बागेतील माती कालवलेले गढूळ पाणी दिले. स्वच्छ पाण्यातील पुदिना रोडावला आणि गढुळातला फोफावला. तेव्हा केवळ पाणी पुरेसे नाही, मातीतून काहीतरी पाण्यात उतरते व ते झाडाला हवे असते, एवढे निश्चित झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, याचा उलगडा व्हायला आणखी दीडशे वर्षे लागली. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियुस साक्स आणि विल्हेल्म क्नोप या शास्त्रज्ञांनी ठरावीक क्षार ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवून त्या द्रावणावर रोपे जोपासली. माती मुळांना आधार देते, पाणी धरून ठेवते आणि क्षार पुरवते. ही तिन्ही कामे अन्य रीतीने झाली, तर झाडाची काही तक्रार नसते.

हे क्षार कोणते? नत्र, स्फुरद आणि पालाश ही नावे शेतकऱ्याच्या घरी सर्वांना परिचित असतात. त्यांच्या जोडीला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक लागतात. लोह, जस्त, तांबे, मँगनीज, बोरॉन यांचा केवळ अंश लागतो. पण तो लागतोच. मॉलिब्डेनम नावाचा धातू लिटरभर पाण्यात एका मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाएवढा असला तरी टोमॅटोचे भागते. तो मुळीच नसला, तर पाने करपू लागतात. इतक्या सूक्ष्म गोष्टीचा पत्ता मातीच्या शेतात लागणे जवळजवळ अशक्य होते. पाण्यातील रोपांमुळेच तो लागला, आणि तोही १९३९ साली.

प्रयोगशाळेतील ही विद्या शेतावर आणण्याचा ध्यास घेतला अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांनी. १९२९ च्या सुमारास त्यांनी द्रावण भरलेल्या टाक्यांवर टोमॅटोच्या वेली वाढवल्या. त्या २५ फूट उंच गेल्या, तेव्हा लोक आश्चर्याने पाहू लागले. या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव त्यांनीच १९३७ साली रूढ केले. ग्रीक भाषेत ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘पोनोस’ म्हणजे श्रम.

पण या कीर्तीबरोबर एक तंटाही उभा राहिला. गेरिके यांनी आपली द्रावणे बहुतांशी स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळात सिद्ध केली होती. आरंभी विद्यापीठाने त्यांना काचगृह वापरू दिले नव्हते. पुढे नाव झाल्यावर मात्र विद्यापीठ त्यांच्याजवळ कृती मागू लागले. प्रयोग पुरे होईपर्यंत ती देण्यास त्यांनी नकार दिला. त्यासाठी आधी जागा आणि वेळ मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. इकडे वर्तमानपत्रांतून मातीवाचून होणाऱ्या पिकाची अतिशयोक्त वर्णने छापली जात होती आणि खरे-खोटे करण्यास लोकांपाशी साधन नव्हते. अखेर विद्यापीठाने डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नोन या दोघा शास्त्रज्ञांना तपास करण्यास सांगितले. १९३८ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली आणि तीत द्रावणाची कृती मापांसह जाहीर केली. शिवाय चांगल्या कसदार जमिनीपेक्षा द्रावणात अधिक पीक येतेच असे नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. गेरिके यांनी १९३७ मध्येच विद्यापीठ सोडले होते. त्यांचे स्वतःचे पुस्तक १९४० साली निघाले. या वादात गेरिके यांची बाजू अगदीच लंगडी होती असे म्हणता येत नाही. तथापि उघड केलेल्या कृतीचा जो उपयोग झाला, तो गुप्त कृतीचा कधीच झाला नसता. होगलंड यांचे द्रावण जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरले जाते. ज्याला शंका येईल, त्याने तोलून-मापून स्वतः करून पाहावे आणि चूक आढळली तर सुधारावी.

याच सुमारास पॅसिफिक महासागरातील वेक बेटावर या पद्धतीची खरी कसोटी लागली. ते बेट पोवळ्यांचे. भाजीपाला पिकेल अशी माती तेथे नाही. महासागर ओलांडणारी विमाने तेथे मुक्कामाला थांबत, तेव्हा प्रवाशांच्या ताटात ताजी भाजी पडावी म्हणून विमान कंपनीने तेथे द्रावणावर भाजीपाला लावला. भारतातही ही विद्या लवकर आली. १९४६ साली बंगालमधील कालिंपोंग येथे शोल्टो डग्लस यांनी यंत्रांवाचून चालणारी एक सोपी रीत बसवली. खडी आणि वाळू यांनी भरलेल्या पन्हळी, वरून क्षार आणि पाणी, एवढाच तिचा संभार. पुढे ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली.

घराच्या खिडकीत हा प्रयोग करण्यास याहूनही थोडे साहित्य पुरते. हवाई बेटांवरील बर्नार्ड क्रॅट्की यांनी सुचवलेल्या रीतीत पंप नाही की वीज नाही. सुमारे चार लिटरची बरणी घ्यावी, तिला बाहेरून काळा कागद गुंडाळावा आणि द्रावण जवळजवळ काठोकाठ भरावे. कागद विसरता कामा नये. उजेड आत गेला की द्रावणात शेवाळे माजते आणि रोपाचा घास तेच खाऊन टाकते. झाकणाला भोक पाडून त्यात लेट्यूसचे, म्हणजे सॅलडच्या पाल्याचे कोवळे रोप असे बसवावे की, मुळांची टोके तेवढी पाण्यात बुडतील. रोप पाणी पिऊ लागते, पातळी खाली जाते आणि पाणी व झाकण यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीतील मुळे श्वास घेतात व खालची मुळे पाणी पितात. येथे उत्साही मुलाकडून हटकून एक चूक होते. पाणी कमी झालेले पाहून तो बरणी पुन्हा काठोकाठ भरतो आणि हवेला सरावलेली मुळे गुदमरून कुजतात. मुळांनाही प्राणवायू लागतो, ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा अशा एका मेलेल्या रोपाकडून अधिक चांगली समजते.

क्षार मिसळतानाही थोडे भान ठेवावे लागते. कॅल्शियमचा क्षार आणि गंधकाचा क्षार घट्ट द्रावणांच्या रूपात एकत्र ओतले, तर तळाशी पांढरा गाळ बसतो. तो असतो जिप्सम. त्यात अडकलेले अन्न रोपाला मिळत नाही. म्हणून दोन बाटल्या निराळ्या ठेवून त्या भरपूर पाण्यातच एकत्र करतात. हे काम घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. द्रावण किंचित आंबट असावे लागते. ते फार अल्कधर्मी झाले, तर लोह पाण्यात असूनही रोपाला घेता येत नाही. अशा वेळी कोवळी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात.

लेट्यूस, पालक, पुदिना यांना ही पद्धत मानवते. ज्वारी-बाजरीचे शेत असे करणे म्हणजे निव्वळ खर्चाला निमंत्रण.

बरण्यांची संख्या वाढली की काही जण उतरत्या पन्हळी बांधतात आणि त्यांतून पंपाने द्रावणाचा पातळ पापुद्रा अखंड वाहता ठेवतात. ही बाग देखणी असते, परंतु तिचा जीव पंपात असतो. तो उन्हाळ्याच्या दुपारी थांबला, तर काही तासांतच मुळे सुकू लागतात. पंपावर लक्ष ठेवण्यास अलीकडे पत्त्याएवढा लहान संगणक लावतात. संगणकाचा सारा कारभार सांभाळणाऱ्या मूळ आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आणि ती कोणती निवडावी, येथे होगलंड यांच्या पुस्तिकेची पुन्हा आठवण होते. काही आज्ञावल्यांची कृती त्यांचे मालक गुप्त ठेवतात. उलट १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून तो सर्वांस खुला केला. त्यावर उभ्या राहिलेल्या मुक्त प्रणालींपैकी ‘डेबियन’ ही १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत.

डेबियनची रीत सावध माळ्यासारखी आहे. नवी आज्ञावली आधी ‘अस्थिर’ दालनात येते, तेथून परीक्षेच्या दालनात जाते आणि पुष्कळ दोष निघून गेल्यावर, साधारण दोन वर्षांनी, ‘स्थिर’ म्हणून बाहेर पडते. मग तिच्यात नव्या करामती घालीत नाहीत. फक्त सुरक्षिततेच्या व महत्त्वाच्या दुरुस्त्या करतात. या आवृत्त्यांना खेळण्यांच्या एका प्रसिद्ध चित्रपटातील पात्रांची नावे देतात. त्यांपैकी अस्थिर दालनाचे नाव कायमचे ‘सिड’ असते. चित्रपटातील सिड हा खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. ज्याला नवलाई पाहावयाची असेल, त्याने खुशाल सिडशी मैत्री करावी. पंप मात्र स्थिर आवृत्तीच्याच हवाली करावा, आणि तिच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार आहेत तेही आधी पाहून ठेवावे.

वीजच गेली, तर उत्तमातली उत्तम प्रणालीही हात टेकते. म्हणून अनुभवी माणसे पन्हळीच्या खालच्या टोकाला बोटभर उंचीची आड घालतात. पंप थांबला तरी तेवढे द्रावण मागे साचून राहते आणि तेथवर पोहोचणाऱ्या मुळांची टोके वीज परत येईपर्यंत ओली राहतात.