रसना आणि भक्ती : ख्रिस्ती विचारातील अन्नवासना

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस
• भूक, आवड आणि वासना यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• अन्नवासनेविषयीची ख्रिस्ती भूमिका आणि मराठी भक्तिपरंपरेशी तिचे असलेले साम्य सांगता येईल.
• वऱ्हाडातील दुष्काळ आणि वाशीम येथील मिशनकार्य यांच्या संदर्भात या भूमिकेचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण मराठी माणूस दोन भिन्न अर्थांनी वापरतो. उपाशी माणसाला देवधर्म सुचत नाही, हा तिचा एक अर्थ. त्यात माणसाविषयीची कणव आहे. देवापेक्षा ज्याला स्वतःचे पोट प्रिय, त्याला मारलेला टोमणा हा दुसरा अर्थ. एकाच म्हणीत कणव आणि टोमणा एकत्र नांदावेत, याचे कारण पोट हे गरजेचे स्थान आहे आणि मोहाचेही.

ख्रिस्ती धर्मविचारात हाच प्रश्न पुढीलप्रमाणे मांडला जातो : आपणांस सर्वांत प्रिय काय आहे? ज्याच्यासाठी आपण बाकी सर्व बाजूला सारतो, तेच आपले खरे दैवत होय. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पोटालाच देव मानणाऱ्यांचा उल्लेख येतो, तो याच अर्थाने. प्रस्तुत पाठात या विचाराचा परिचय करून घेऊ आणि वाशीमसारख्या जिल्ह्याच्या इतिहासात त्याची कसोटी कशी लागली, तेही पाहू.

२. भूक, आवड आणि वासना

प्रथम शब्दांचा विचार करू. भूक ही शरीराची मागणी आहे. जठर रिकामे झाले की त्यातून स्रवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मेंदूला सूचना देते. ही मागणी साध्या भाकरीनेही भागते. आवड ही चवीची ओळख आहे. तीत घर, प्रदेश आणि बालपण मिसळलेले असते. वऱ्हाडातील माणसाला रोडगे आणि वांग्याची भाजी प्रिय असते, त्यात दोष पाहण्याचे कारण नाही. वासनेला मात्र रिकाम्या पोटाची गरज नसते. एखादा वास, एखादे दृश्य, एखादी आठवण तिला पुरते आणि ती विशिष्ट पदार्थावरच अडून बसते. मराठीत तिच्या छटा दाखविणारे किती तरी शब्द आहेत : चटक, हाव, वखवख, जिभेचे चोचले. गर्भवतीच्या इच्छेला मात्र आपण ‘डोहाळे’ म्हणतो आणि ते कौतुकाने पुरवितो. म्हणजे इच्छा झाली एवढ्याने भाषा माणसाला दोषी ठरवीत नाही. इच्छा कोणाची, कोणत्या स्थितीतली आणि तिने माणसाचा किती ताबा घेतला, हे ती पाहते.

३. मराठी परंपरेतील रसनेचा विचार

आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. या जिल्ह्यातील कारंजा हे दत्तसंप्रदायात नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या ‘गुरुचरित्रा’त परान्नाची एक कथा आहे. पती परान्न न घेण्याचे व्रत पाळतो. पत्नीचे मन मात्र इतरांच्या घरच्या मिष्टान्नावर जाते. गुरू तिला रागावून गप्प करीत नाहीत. ते पतीला तिच्यासह जेवणावळीला जावयास सांगतात. तेथे पंक्तीतील अन्न जनावरे उष्टावीत असल्याचे दृश्य तिला दिसते आणि तिची वासना आपोआप ओसरते. याच ग्रंथात भास्कर नावाच्या गरीब ब्राह्मणाने तिघांपुरती आणलेली शिधासामग्री चार हजार जणांना पुरल्याची कथाही येते. एक कथा वासनेवर इलाज सांगते, तर दुसरी वाटल्या जाणाऱ्या अन्नाची थोरवी सांगते.

एकनाथांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी मासा हा एक आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी तो जीव गमावतो. म्हणून इतर इंद्रिये जिंकली तरी रसना जिंकेपर्यंत माणूस जितेंद्रिय ठरत नाही, असा तेथील बोध आहे. ख्रिस्ती विचार मराठीत आला, तेव्हा या विषयासाठी भाषेची भूमी अशी आधीच तयार होती.

४. बायबलमधील तीन प्रसंग

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. ओवी छंदातील या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात आदिमानवाच्या पतनाची कथा आहे, आणि ते पतन घडते एका फळापायी. फळ विषारी नव्हते. देणाऱ्यापेक्षा देणगी अधिक प्रिय झाली, हे त्या कथेचे मर्म आहे.

दुसरा प्रसंग ‘उत्पत्ती’च्या पुस्तकातील एसावाचा. शिकारीहून थकून आलेला एसाव भावाने शिजविलेल्या डाळीच्या कालवणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क देऊन टाकतो. या क्षणाची चव आणि आयुष्यभराचा वारसा यांच्या तुलनेत त्याला चव जड वाटली.

तिसरा प्रसंग ‘गणना’ या पुस्तकातील आहे. मिसरच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना हे अन्न रोज मिळत होते. ते उपाशी नव्हते. तरीही मिसरमधील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून ते रडू लागले. जिभेने चव लक्षात ठेवली आणि पाठीवरचे वळ विसरले. पुढे लाव्यांचे मांस मिळाले. पण त्याबरोबर मरीही आली. हावरटांना पुरले त्या जागेला वासनेच्या कबरींचे नाव मिळाले. वासना भूतकाळही रंगवून दाखविते आणि गुलामीलाही चवदार करते, हे निरीक्षण मानसशास्त्राच्या दृष्टीनेही मोलाचे आहे.

५. प्रेमाचा क्रम

चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस या तपस्व्याने साधकाला छळणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली. तीत खादाडपणा पहिला आहे. त्याचे त्याने केलेले वर्णन अनपेक्षित वाटेल. हा विचार साधकासमोर पक्वान्नांचे ताट मांडीत नाही; उपवासाने तुझे जठर बिघडेल, यकृत सुजेल, आजार लांबेल, येथे वैद्यही नाही, अशी काळजी तो मनात भरवितो. वासना बहुधा काळजीच्या वेषात येते, हे त्याने ओळखले होते. पुढे सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले : वेळेआधी खाणे, महागडेच मागणे, पाककृतीचा अतिरेक करणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि अधाशीपणे खाणे. पोटभर न खाताही माणूस खादाड असू शकतो, हे या वर्गीकरणातून स्पष्ट होते.

संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात स्वतःच्या अन्नवासनेचे परीक्षण केले आहे. अन्न औषधासारखे घ्यावे, असे ते स्वतःला बजावतात. परंतु भुकेच्या त्रासाकडून तृप्तीकडे जाण्याची वाटच सुखाची असल्याने नेमका त्याच वाटेवर सापळा असतो, असेही ते कबूल करतात. तेथे ते एक महत्त्वाचा दाखलाही देतात : एलिया संदेष्ट्याने मांस खाल्ले आणि तो निर्दोष राहिला, एसाव साध्या डाळीपायी फसला. दोष पदार्थात नसतो, प्रेमाच्या क्रमात असतो. अन्न प्रिय असावे. पण ते देवाच्या आणि शेजाऱ्याच्या आधी येऊ नये. ऑगस्टीन यांच्या मते सद्गुण म्हणजे प्रेमांचा योग्य क्रम होय.

६. पंडिता रमाबाई आणि ताटाचा वाद

हा क्रम ताटाकडे पाहून ओळखता येतो काय? पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून या प्रश्नाची गुंतागुंत कळते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाकाहार मात्र सोडला नाही. त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. ख्रिस्ताच्या शिकवणीला बाध न आणणाऱ्या पूर्वजांच्या चालीरीती टाकून देण्याचे कारण नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. या विषयावरील दोघींचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे.

दोघींचीही बाजू समजून घ्यावी लागते. एखादा पदार्थ वर्ज्य करणे हेही अहंकाराचे खाद्य होऊ शकते, ही जेराल्डिन यांची शंका निराधार नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या कडक सोवळ्याचे जे चित्र आहे, त्यात शुद्धतेची ओढ घरातील माणसांना कशी जाचते, ते दिसते. पण दुसऱ्याच्या ताटावरून त्याचे अंतःकरण जोखण्याचा अधिकार कोणाला आहे? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये, असा तोल सांभाळला आहे. रमाबाईंचे आग्रही मत त्या तोलाला धरून होते.

७. दुष्काळ : सिद्धान्ताची कसोटी

आतापर्यंतचा विचार भरल्या पोटाचा आहे. अन्नच नसेल तर काय? रमाबाईंनी हे स्वतः भोगले होते. १८७४ च्या सुमारास दारिद्र्य आणि उपासमार सोसत असतानाच त्यांचे आईवडील मृत्यू पावले. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी निराधार मुलींना सोबत आणले. त्यांच्या केडगावच्या ‘मुक्ती’ कार्याचा विस्तार त्यातून झाला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाला ग्रासले. तेव्हा वाशीम ‘बासिम’ या नावाने ओळखले जात असे व ते जिल्ह्याचे ठाणे होते. काळ्या मातीचा, कापूस आणि ज्वारीचा हा सधन मुलूखही अन्नाला मोताद झाला. अनाथ मुले मिशनच्या आश्रमांत आली आणि त्यांपैकी अनेक तेथेच वाढली.

येथूनच ‘पोटासाठी धर्म सोडला’ हा आरोप जन्मला. त्याची वेदना अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. या आरोपाला बायबलमध्येच एक पूर्वपीठिका आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू पाच हजारांना भाकरी देतो; दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधीत येतात, तेव्हा तुम्ही भाकरीसाठी आलात, असे तो त्यांना स्पष्ट सुनावतो. परंतु हा प्रसंग क्रमाने वाचला पाहिजे. त्याने आधी जेवू घातले आणि मग प्रश्न विचारला. श्रद्धेची परीक्षा घेऊन त्याने भाकरी दिली नव्हती. अन्नाच्या बदल्यात श्रद्धा मागणारा सेवक या क्रमाचा भंग करतो. आणि उपाशी माणसाच्या श्रद्धेला खोटे म्हणणारा टीकाकार भूक व वासना यांतील भेद विसरतो.

हा भेद किती मूलभूत आहे, हे एका प्रयोगातून दिसून आले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. युद्धात शस्त्र घेण्यास नकार दिलेल्या या स्वयंसेवकांत शांततावादी ख्रिस्ती पंथांचे अनेक जण होते. ते निग्रही होते, स्वेच्छेने आले होते. तरी सहा महिन्यांच्या अपुऱ्या आहारात त्यांचे मन अन्नाने व्यापून गेले. काही जण तर पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. भुकेल्याच्या मनात सर्वांत प्रिय स्थानी अन्न येते, तेव्हा तो त्याच्या चारित्र्याचा दोष नसतो. ती शरीराची हाक असते.

८. सोडलेल्या जेवणाचे काय झाले?

वाशीम येथील मेथडिस्ट मिशनचे कार्य पुढे नाझरीन मंडळीकडे आले. १९३६ मध्ये भारतात आलेल्या डॉ. ओर्फा स्पायकर यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये तेथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि १९७६ पर्यंत त्या येथे कार्यरत होत्या. नाझरीन मंडळीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक प्रथा रुजली होती : सभासदाने आठवड्यातील एक जेवण सोडावे, तो वेळ प्रार्थनेत घालवावा आणि जेवणाचे पैसे मिशनकार्याला द्यावेत. मिझोराममधील ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, त्यामागेही हीच भावना आहे.

या प्रथांमुळे उपवासाचा अर्थ बदलतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देवाला आवडणारा उपवास कोणता, याचे उत्तर भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणे असे येते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एखादा आवडता पदार्थ वर्ज्य करणारा ख्रिस्ती भाविक आपल्या इच्छेला फक्त वेसण घालीत नाही; माझ्या ताटातून निघालेला घास कोणाच्या ताटात गेला, हा प्रश्नही त्याच्यापुढे असतो. घास कोठेच गेला नाही, तर तो उपवास पथ्य ठरेल, भक्ती ठरणार नाही.

९. समारोप

प्रारंभीच्या म्हणीकडे या दृष्टीने पाहिले असता तिच्या दोन अर्थांतील विरोध मावळतो. ‘पोटोबा’ स्वतःचा असेल, तर त्याला विठोबाच्या आधी बसविणे ही वासना होय. तो शेजाऱ्याचा असेल, तर त्याला आधी वाढणे हीच विठोबाची, आणि ख्रिस्ती भाषेत प्रभूची, सेवा होय. आपणांस सर्वांत प्रिय काय आहे, याचे उत्तर आपल्या जिभेपेक्षा आपल्या पंक्तीत अधिक स्पष्ट दिसते : तेथे कोणाला जागा आहे आणि कोणाला आधी वाढले जाते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. भूक, आवड आणि वासना यांतील भेद आपल्या परिसरातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. ‘गुरुचरित्रा’तील परान्नाची कथा आणि ‘गणना’मधील लाव्यांची कथा यांतील साम्यभेद सांगा.
३. पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्या मतभेदात आपणांस कोणाची बाजू अधिक पटते? सकारण लिहा.
४. ‘पोटासाठी धर्म सोडला’ या आरोपाचे, भूक व वासना यांतील भेदाच्या आधारे, परीक्षण करा.