विजेचें बिल केव्हां भरावें?

विजेचे दर चढूं लागले म्हणजे आलेलें बिल मुदतीच्या अखेरच्या दिवसापर्यंत फडताळांत ठेवावें, तेवढे दिवस पैसे तरी हातीं राहतात, असा विचार पन्हाळा तालुक्यांतील कोडोलींत काय किंवा पुण्यांत काय, पुष्कळ गृहस्थ करितात. हा हिशेब आंतबट्ट्याचा आहे. बिलाच्या तारखेपासून ७ दिवसांत भरणा करणारास महावितरण कर वगळून शेंकडा एक सूट देतें. मुदत टळल्यास शेंकडा सव्वा जादा आकारतें. दोनतीन आठवड्यांसाठीं शेंकडा एक व्याज बचतखात्यांत कोठून मिळणार? मात्र हे ७ दिवस कागद हातीं पडल्यापासून मोजीत नाहींत. ती तारीख बिलावरच छापलेली असते. ऑनलाईन भरल्यास आणखी पाव टक्का वांचतो.

तथापि खरा भार युनिटांच्या टप्प्यांचा. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच अधिक. शंभरी ओलांडतांच सगळींच युनिटें महागतात हा समज चुकीचा; वरचीं तेवढींच महाग पडतात. छपरावरील सौर संचास २०२४ पासून केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॅटांपर्यंत दर किलोवॅटीं ३०,००० रुपये अनुदान देतें. ज्या घराचा वापर शंभराच्या आंत, त्यास उरलेला खर्च फिटण्यास पुष्कळ वर्षें लागतील. तीनशेंवर जाणाऱ्या घरानें मात्र तो विचार लांबणीवर टाकूं नये.