धानाची बांधी आणि बांबूचं रान

पूर्व विदर्भातल्या छोट्या शेतकऱ्याचं निम्मं वर्ष बांधीत जातं आणि निम्मं रानात. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. पाण्याची सोय नसेल तर पुढे शेत बहुधा रिकामंच. मग मार्च-एप्रिलात मोहफुलं, मेमध्ये तेंदूपान आणि अधूनमधून बांबू यांतूनच घरात रोकड येते. शेती आणि जंगल ही या घरांच्या एकाच मिळकतीची दोन अंगं आहेत.

कायद्याने मात्र ती दीर्घकाळ वेगळी पाहिली. 1927च्या वन कायद्याने राखीव जंगल सरकारचं ठरलं आणि त्यातलं शेत अतिक्रमण. 2006च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर, कमाल 4 हेक्टरपर्यंत, हक्क देऊ केला. चर्चा या पट्ट्यांचीच जास्त होते. पण वजनदार तरतूद दुसरी आहे. गावाच्या परंपरागत जंगलाचा वापर, राखण आणि व्यवस्थापन यांचा सामूहिक हक्क ग्रामसभेला मिळतो.

नागपूरच्या आग्नेयेला, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर असा हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना. वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज म्हणत होता, वनखातं इमारती लाकूड. वाहतूक परवान्याशिवाय माल गावाबाहेर निघत नव्हता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

हक्क मिळाला की गाव जंगल ओरबाडून खाईल, ही भीती जुनीच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा अनुभव तिच्या उलट आहे. 2012मध्ये सुमारे 1,000 हेक्टरांचा हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूवर भर दिला आणि हमखास पैशाचं तेंदूपान सोडून दिलं. कारण कोवळी पानं भरपूर फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात, फांद्या तोडतात. त्यात तेंदूची फळं जातात आणि नवी रोपंही करपतात. वनखात्याच्या आदेशाने तेंदूपान सोडणं क्वचितच साधलं असतं.

हक्काच्या कागदाने रानडुकरं मात्र थांबत नाहीत. धान लोंबीवर आलं की राखणीला रात्री मचाणावरच काढाव्या लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ वाढल्यापासून पहाटे मोहफुलं वेचायला एकट्याने जाणं जिवावरचं झालं आहे. नुकसानभरपाई आहे, पण ती पीक गेल्यावर, माणूस गेल्यावर मिळते.